इंजिन पुनर्बांधणीनंतरचा अतिरिक्त तेलवापर

इंजिन पुनर्बांधणीनंतरचा अतिरिक्त तेलवापर म्हणजे मोटारीचे इंजिन पूर्ण खोलून, यंत्रकाम करून व नवे भाग घालून पुन्हा बांधल्यावर त्यातील वंगणतेल अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने कमी होणे होय. बोलीत यालाच ‘इंजिन ऑईल खाते’ असे म्हणतात. हे तेल बाहेर गळते किंवा ज्वलनकक्षात शिरून इंधनाबरोबर जळते. उच्च क्षमतेच्या, म्हणजेच अधिक शक्ती व अधिक फेऱ्यांसाठी बांधलेल्या इंजिनांत हा दोष विशेष आढळतो. अशा इंजिनांत पिस्टनभोवतीची मोकळीक जास्त ठेवलेली असते, दाब व तापमान जास्त असते आणि मूळ निर्मात्याचे अनेक भाग बदललेले असतात.

नव्याने बांधलेले इंजिन पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडे अधिक तेल वापरते, हे स्वाभाविक आहे. कड्या सिलिंडरच्या भिंतीशी जुळल्यानंतर हा वापर घटावयास हवा. तो घटला नाही किंवा वाढत गेला, तर इंजिन पुन्हा खोलावे लागेल काय, हा खर्चाचा प्रश्न उभा राहतो. अनेकदा दोष कड्यांत नसून श्वसननळी, झडपेचे सील किंवा टर्बोचार्जर अशा बाहेरून दुरुस्त होणाऱ्या भागांत असतो. म्हणून या समस्येत निदानाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

## स्वरूप आणि मोजमाप

चार धावांच्या कोणत्याही इंजिनात तेलाचा वापर पूर्णपणे शून्य नसतो. सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर राहिल्याशिवाय कड्यांना वंगण मिळत नाही आणि या थराचा अत्यल्प अंश प्रत्येक आवर्तनात जळतो. किती वापर ग्राह्य मानावा, याविषयी निर्मात्यांत एकवाक्यता नाही. ऑडी व फोक्सवॅगन यांच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत १,००० कि.मी.ला ०.५ लिटरपर्यंतचा वापर मर्यादेत धरला आहे. सुस्थितीतील बहुतेक आधुनिक इंजिने प्रत्यक्षात याहून पुष्कळ कमी तेल वापरतात.

वापराचे प्रमाण किती सूक्ष्म असते, हे एका हिशोबावरून कळते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत ताशी १०० कि.मी. वेगाने चालले, तर १,००० कि.मी. अंतराला १० तास लागतात व १८ लाख फेरे होतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एक ज्वलन, म्हणजे एकूण ३६ लाख ज्वलने. या अंतरात एक लिटर तेल संपले, तरी प्रत्येक ज्वलनाच्या वाट्याला सुमारे ०.२८ घन मि.मी. तेल येते. लिटरभर तेल जळत असतानाही निष्कासनळीतून धूर दिसेलच असे नाही, याचे कारण हेच. धूर नाही म्हणून तेल जळत नाही, हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो.

मोजमाप करताना पुढील पथ्ये पाळली जातात :

* गाडी प्रत्येक वेळी त्याच सपाट जागी उभी करावी, इंजिन पूर्ण तापलेले असावे आणि बंद केल्यावर ठरावीक वेळ थांबूनच तेलपट्टी पाहावी.
* तेल भरताना अंदाजाने न ओतता वजन करून किंवा मापाने भरावे आणि किलोमीटरची नोंद ठेवावी.
* एकाच वाचनावर विसंबू नये. ५०० ते १,००० कि.मी.च्या अंतराने किमान दोन वाचने घ्यावीत.
* तेलाला पेट्रोलचा वास येत असल्यास मोजणी ग्राह्य धरू नये. न जळलेले इंधन तेलात उतरले की पातळी टिकून राहते व खरा तेलवापर झाकला जातो.

पट्टीवरील वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरणे हेही तेलवापराचे कारण असते. पातळी वर गेली की फिरता भुजादंड तेल घुसळतो, त्याचा फेस व तुषार होतात आणि ते श्वसननळीवाटे बाहेर पडतात. इंजिनाची बदललेली तेलटाकी, तेलाचा शीतक किंवा मोठा गाळक यांमुळे एकूण तेलाची मात्रा बदलली असेल, तर जुन्या पट्टीवरील खुणा पुन्हा निश्चित कराव्या लागतात.

## तेल ज्वलनकक्षात पोहोचण्याचे मार्ग

### पिस्टनच्या कड्या

दट्ट्यावर, म्हणजेच पिस्टनवर, सामान्यतः तीन कड्या असतात. वरची कडी ज्वलनाचा दाब अडवते. दुसरी कडी काही दाब अडवते, पण तिचे मुख्य काम भिंतीवरचे तेल खाली खरवडणे हे असते. तिसरी कडी तेलकडी होय. ती बहुधा दोन पातळ पोलादी पट्ट्या व त्यांना बाहेर रेटणारा लाटदार विस्तारक अशा तीन तुकड्यांची असते.

पुनर्बांधणीत या कड्यांच्या बाबतीत होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. दुसऱ्या कडीवर ठिपका किंवा खूण असते आणि ती वरच्या बाजूस ठेवावयाची असते. उताराची कडी उलटी बसली, तर ती तेल खाली खरवडण्याऐवजी वर ढकलते. तेलकडीच्या विस्तारकाची दोन्ही टोके समोरासमोर भिडावी लागतात. ती एकमेकांवर चढली, तर पट्ट्यांवरचा ताण नाहीसा होतो व तो सिलिंडर पहिल्या दिवसापासून तेल जाळू लागतो. पिस्टन सिलिंडरमध्ये उतरवताना पट्टी वाकणे किंवा कडी तुटणे, हेही घडते. जुने पिस्टन पुन्हा वापरले असतील, तर कडीच्या खाचेची झीज व खाचेमागील तेल परत जाण्याची छिद्रे कार्बनने बुजलेली आहेत काय, हे पाहावे लागते.

कडीच्या टोकांमधील फटीविषयी अनेक गैरसमज प्रचलित आहेत. नैसर्गिक श्वसनाच्या रस्त्यावरील इंजिनात वरच्या कडीची फट ढोबळमानाने सिलिंडरच्या व्यासाच्या ०.००४ पट ठेवतात. होंडाच्या के२०ए किंवा टोयोटाच्या २जेझेड इंजिनाप्रमाणे ८६ मि.मी. व्यास असेल, तर ही फट सुमारे ०.३५ मि.मी. येते. टर्बोचार्जर असल्यास कडी जास्त तापून लांबते. म्हणून फट व्यासाच्या ०.००५ ते ०.००६ पट, म्हणजे सुमारे ०.४३ ते ०.५२ मि.मी. ठेवतात. कडीच्या निर्मात्याने दिलेला आकडा या ढोबळ नियमापेक्षा नेहमी वरचढ असतो. फट काहीशी जास्त राहिल्याने वायू खाली जाण्याचे प्रमाण वाढते. मात्र केवळ तेवढ्याने लिटरभर तेल जळत नाही. उलट दुसऱ्या कडीची फट फार कमी ठेवली, तर दोन कड्यांच्या मध्ये दाब साचतो, वरची कडी खाचेतून उचलली जाते आणि तेलावरचे नियंत्रण सुटते. इंजिन खोलल्यावर तिन्ही कड्यांच्या फटी एका रेषेत आढळल्या, म्हणजे त्या तशाच बसवल्या होत्या, असेही सिद्ध होत नाही. चालत्या इंजिनात कड्या आपल्या खाचेत फिरत असतात.

### सिलिंडरची भिंत

सिलिंडर मोठा केल्यावर, म्हणजे बोअर केल्यावर, त्याला होनिंग करून एकमेकींना छेदणाऱ्या सूक्ष्म रेघा पाडतात. या रेघांत तेल धरून ठेवले जाते. रेघांमधील कोन साधारणतः ४५ अंशांच्या आसपास असतो. पृष्ठभाग फार खरखरीत राहिला तर भिंत जास्त तेल धरते व कड्या लवकर झिजतात. फार गुळगुळीत झाला तर कड्या भिंतीशी जुळतच नाहीत. यावर ‘पठारी’ होनिंग हा उपाय रूढ झाला आहे. त्यात प्रथम खोल रेघा पाडून नंतर बारीक दगडाने किंवा ब्रशाने त्यांची टोके सपाट करतात. दगडाचा बारीकपणा कडीच्या पृष्ठभागानुसार ठरतो. मॉलिब्डेनमचा थर असलेल्या कड्यांना तुलनेने बारीक पृष्ठभाग लागतो. यंत्रशाळेला कड्यांचा प्रकार न सांगता ब्लॉक दिला, तर ही जुळणी दैवावर सोडल्यासारखी होते.

सिलिंडरची गोलाई हा दुसरा मुद्दा होय. सिलिंडर हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक किंचित विकृत होतो आणि मोकळ्या ब्लॉकवर गोल केलेले सिलिंडर प्रत्यक्षात गोल राहत नाही. यासाठी हेडच्या जागी जाड धातूची टॉर्क प्लेट, तेच बोल्ट व तेच गॅस्केट वापरून आवळतात आणि मग होनिंग करतात. उच्च क्षमतेच्या इंजिनात मूळ बोल्टांऐवजी अधिक ताणाचे स्टड वापरले जातात. त्यामुळे हा फरक आणखी वाढतो. मर्यादेपेक्षा जास्त बोअर केलेल्या ब्लॉकच्या पातळ भिंती दाबाखाली लवतात. अशा वेळी थंड इंजिनावरील सर्व मापे बरोबर येऊनही तेल जळत राहते.

घडीव पिस्टनांची मोकळीक त्यांच्या मिश्रधातूवर अवलंबून असते. ४०३२ या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते व तो कमी प्रसरण पावतो. २६१८ या मिश्रधातूत सिलिकॉन अत्यल्प असते. तो आघात अधिक सोसतो, परंतु जास्त प्रसरण पावतो म्हणून त्याला जास्त मोकळीक द्यावी लागते. थंड असताना असा पिस्टन भिंतीवर आपटतो, त्याचा खडखडाट ऐकू येतो आणि तो तिरपा होत असल्याने कड्यांची पकड सैल होते. इंजिन पूर्ण तापण्याआधी भार टाकणाऱ्या चालकाच्या गाडीत तेलवापर जास्त दिसतो, त्याचे हे एक कारण आहे.

होनिंगनंतरची स्वच्छता दुर्लक्षित राहते. भिंतीत रुतलेली दगडाची पूड रॉकेल किंवा पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, साबण व ताठ ब्रश यांनी ती घासून काढावी लागते. तेल लावलेले पांढरे फडके फिरवल्यावर त्यावर करडा डाग उमटेनासा होईपर्यंत हे काम संपलेले नसते. राहिलेली पूड पहिल्याच तासात कड्या घासून टाकते.

### झडपांच्या दांड्या व सील

झडपेची दांडी ज्या नळीतून वरखाली होते तिला गाईड म्हणतात. गाईड झिजली किंवा तिच्यावरील रबरी सील खराब झाले, की हेडमधील तेल दांडीवरून खाली उतरते. अंतर्गम झडपेच्या मागे निर्वात असल्याने हे तेल ओढले जाते.

नव्या हेडमध्येही हा दोष येतो. सील बसवताना दांडीच्या टोकाजवळील खाचांवर संरक्षक टोपण न घातल्यास त्या खाचांची धार सीलचा ओठ कापते. अंतर्गम व निष्कास झडपांची सील वेगवेगळी असल्यास त्यांची अदलाबदल होते. उच्च क्षमतेच्या इंजिनाला आणखी एक धोका असतो. जास्त उचल देणारा कॅमदंड बसवल्यावर झडप पूर्ण उघडली असता स्प्रिंगची वरची चकती गाईडवरील सीलला आदळू शकते. म्हणून पूर्ण उचलीत या दोहोंमध्ये सुमारे १.३ ते १.५ मि.मी. अंतर राहील, याची खात्री हेड बसवण्यापूर्वीच केली जाते. सील एकदा चेपले गेले, की ते बदलूनही भागत नाही. मोकळ्या अंतराची व्यवस्था न केल्यास नवे सीलही त्याच मार्गाने जाते.

### क्रॅंककेसचे वायुवीजन

कड्यांच्या बाजूने काही वायू नेहमीच खाली क्रॅंककेसमध्ये उतरतो. हा वायू तेलाच्या तुषारांसह बाहेर पडतो आणि रस्त्यावरील गाड्यांत तो एका झडपेवाटे इनटेककडे नेऊन जाळला जातो. पुनर्बांधणीत सुशोभित नवे रॉकर कव्हर बसवताना आतील तेल अडवणारा पडदा गाळला जातो. चुकीच्या क्षमतेची झडप किंवा अरुंद नळीही वापरली जाते. मग वायूबरोबर थेट तेलच इनटेकमध्ये जाते. टर्बो इंजिनात या मार्गावर एकदिशा झडप नसेल, तर टर्बोचा दाब उलट क्रॅंककेसमध्ये शिरतो आणि तेल प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकलले जाते.

तेल परत खाली उतरण्याचे मार्ग मोकळे असणे तितकेच आवश्यक आहे. मोठ्या क्षमतेचा तेलपंप हेडमध्ये जास्त तेल चढवतो, परंतु परतीची छिद्रे पूर्वीचीच राहतात. गॅस्केटचे छिद्र न जुळल्यास किंवा सिलिकॉनचा जादा थर आत लोंबकळल्यास ती आणखी अरुंद होतात. जास्त फेऱ्यांवर हेडमध्ये तेल साचते, झडपांची सील त्यात बुडतात व श्वसननळी तेल ओकू लागते. शर्यतीच्या मार्गावर लांब वळण घेताना हाच परिणाम तेल एका बाजूला सरकल्यामुळेही होतो.

### टर्बोचार्जर

टर्बोच्या दंडावर रबरी सील नसते. पिस्टनकडीसारख्या बारीक कड्या व वायूचा दाब यांवरच तेल अडवले जाते. त्यामुळे तेलाचा निचरा गुरुत्वाने, विनाअडथळा व्हावा लागतो. निचऱ्याची नळी अरुंद, वाकलेली किंवा तेलाच्या पातळीखाली जोडलेली असेल, तर सुस्थितीतील टर्बोही तेल टाकतो. गोळ्यांच्या बेअरिंगच्या टर्बोला बहुधा तेलाचा प्रवाह मर्यादित करणारे छिद्र लागते. ते न बसवल्यास तेलाचा पुरवठा गरजेपेक्षा जास्त होतो. क्रॅंककेसमधील वाढलेला दाबही निचरा अडवतो. म्हणून टर्बोचा दोष मानला जाणारा दोष पुष्कळदा मूळचा वायुवीजनाचा असतो.

### इनटेक व हेडचे सांधे

व्ही आकाराच्या काही इंजिनांत इनटेक मॅनिफोल्ड दोन हेडांच्या मधील दरीवर झाकणासारखे बसते. हेड किंवा ब्लॉकची तळी घासून सपाट केली की हे कोन बदलतात आणि गॅस्केटची खालची कड नीट दाबली जात नाही. इनटेकमधील निर्वात मग दरीतील तेल ओढू लागतो. बाहेरच्या बाजूने फवारा मारून हा दोष सापडत नाही, कारण गळती आतल्या बाजूस असते. हेडचे मार्ग घासून मोठे करताना भिंत पातळ होऊन तेलाच्या मार्गाला किंवा बोल्टच्या छिद्राला भोक पडणे, हाही संभव असतो. रॉकरचा स्टड इनटेकच्या मार्गात उघडत असल्यास त्याच्या आट्यांना सीलबंद लेप लावणे आवश्यक असते.

## इंजिन बसवण्याचा काळ

नवी कडी भिंतीवर स्वतःच्या ताणाने फारशी दाबली जात नाही. ज्वलनाचा वायू कडीच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो आणि त्या दाबामुळे कडी व भिंत यांचे उंचवटे परस्परांशी जुळतात. म्हणूनच नवे इंजिन दीर्घकाळ मंद गतीत, भाराविना चालवत ठेवणे अपायकारक असते. दाब कमी राहतो, कड्या जुळत नाहीत आणि भिंतीवर जळक्या तेलाचा काचेसारखा थर बसतो. त्यानंतर रेघा असूनही निरुपयोगी ठरतात.

सर्वसाधारण पद्धत अशी : गळती व तेलाचा दाब तपासून गाडी लगेच रस्त्यावर काढावी. मध्यम ते बऱ्यापैकी भाराने वेग वाढवावा आणि मग प्रवेगक सोडून गाडीला इंजिनाच्या रोधाने मंदावू द्यावे. हे आवर्तन अनेकदा करावे. भारामुळे कड्या दाबल्या जातात. मंदावताना निर्माण होणाऱ्या निर्वातामुळे थोडे तेल वर येऊन कड्यांना वंगण मिळते व घासलेले कण धुऊन निघतात. या काळात अनेक बांधणारे साधे खनिज तेल वापरतात आणि पहिल्या धावेनंतर तेल व गाळक बदलतात.

वाढीव क्षमतेच्या इंजिनात मोठे इंजेक्टर व अपुरे जुळवलेले इंधनाचे नकाशे यांमुळे मिश्रण जाड होते. जास्तीचे पेट्रोल भिंतीवरचे तेल धुऊन टाकते आणि पहिल्या काही तासांतच कड्या व भिंत यांची हानी होते. यंत्रकाम निर्दोष असूनही तेल जळणाऱ्या इंजिनात हे कारण आवर्जून पडताळावे लागते.

## लक्षणांवरून अनुमान

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| रात्रभर उभी गाडी सुरू करताना निळसर धुराचा झोत, मग स्वच्छ | झडपांची सील किंवा गाईड |
| उतारावर प्रवेगक सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर | झडपांची सील, गाईड, कधी तेलकडी |
| भाराखाली सतत निळा धूर, श्वसननळीतून जोराचा वायू | कड्या, सिलिंडरची भिंत |
| फक्त जास्त फेऱ्यांवर किंवा शर्यतीच्या मार्गावर तेल कमी होणे | वायुवीजन, हेडमधील निचरा, तेलाची जास्त पातळी |
| मंद गतीत थांबल्यावर वाढता धूर, टर्बोनंतरच्या नळीत तेल | टर्बोचा निचरा |
| एकच स्पार्क प्लग तेलकट | त्या सिलिंडरपुरता दोष |
| धूर नाही, प्लग कोरडे, पण तेल कमी | बाह्य गळती किंवा मोजणीतील दोष |

ही लक्षणे सूचक असतात, निर्णायक नसतात. पोर्शच्या वातशीतित ९११ प्रमाणे आडव्या सिलिंडरांच्या इंजिनांत उभ्या गाडीतील तेल सिलिंडरमध्ये साचू शकते. त्यामुळे सुरू करताना थोडा धूर निघणे त्यांच्या रचनेतच असते.

## निदानाचा क्रम

निदान करताना स्वस्त व न खोलता होणाऱ्या तपासण्या आधी केल्या जातात.

1. बाह्य गळती. इंजिन धुऊन, थोडे अंतर चालवून तळ, भुजादंडाचे मागचे सील, तेलटाकीचे गॅस्केट व टर्बोच्या नळ्या पाहाव्यात. वेगात असतानाच गळणारे तेल उभ्या गाडीखाली ठिपका सोडत नाही.
2. वायुवीजन. श्वसननळी इनटेकपासून सोडवून तेल साठवणाऱ्या डब्यात नेतात, इनटेकचे तोंड बंद करतात आणि ठरावीक अंतर चालवून पाहतात. इंजिनातील तेल पूर्वीइतकेच कमी होऊन ते डब्यात सापडले, तर मार्ग सिद्ध होतो.
3. स्पार्क प्लग. सर्व प्लग क्रमाने मांडून पाहिल्यास दोष एका सिलिंडरचा की सर्वांचा, हे कळते.
4. सूक्ष्मदर्शक कॅमेरा. प्लगच्या छिद्रातून पाहिल्यावर पिस्टनच्या माथ्याची कड धुतल्यासारखी स्वच्छ व मध्यभाग काळा दिसला, तर तेल कड्यांच्या बाजूने वर येत असते. अंतर्गम झडपेची पाठ ओली असेल, तर संशय गाईड, वायुवीजन किंवा टर्बोकडे जातो.
5. संपीडन चाचणी. प्रथम कोरडी व नंतर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून ओली चाचणी करतात. ओल्या चाचणीत आकडा पुष्कळ वाढला, तर वरच्या कड्यांची पकड कमी आहे.
6. लीक-डाउन चाचणी. सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाची हवा सोडून किती टक्के निसटते, ते पाहतात. नव्या, नीट बसलेल्या इंजिनात गळती सामान्यतः १० टक्क्यांच्या आत असते. २० टक्क्यांहून अधिक गळती दोषाची खूण मानतात. हवेचा आवाज तेल भरण्याच्या तोंडाशी आला तर कड्या, इनटेकमध्ये आला तर अंतर्गम झडप, निष्कासनळीत आला तर निष्कास झडप असा अर्थ होतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे आल्यास हेड गॅस्केट संशयास्पद ठरते.

या शेवटच्या दोन चाचण्यांची मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. त्या वरच्या कड्यांची पकड मोजतात, तेलकडीची नव्हे. तेलकडी पूर्ण निकामी असूनही संपीडन उत्तम येऊ शकते. इतकेच नव्हे, तर वर साचलेल्या तेलामुळे ते अपेक्षेपेक्षा जास्तही येते. ‘संपीडन चांगले आहे, म्हणून कड्या निर्दोष आहेत’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

## उपाययोजना

बाह्य गळती, वायुवीजन, टर्बोचा निचरा व तेलाची पातळी हे दोष इंजिन न उतरवता दुरुस्त होतात. अनेक इंजिनांत झडपांची सील हेड जागेवर ठेवूनही बदलता येतात. त्यासाठी सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन झडपा वर धरून ठेवतात. इनटेक गॅस्केटसाठी मॅनिफोल्ड काढून कोन जुळवावे लागतात.

कड्या अजून जुळत असतील, तर प्रत्येक मोजणीत वापर घटताना दिसतो. अशा इंजिनाला भाराखाली आणखी काही अंतर चालवणे योग्य ठरते. सुमारे १,५०० ते ३,००० कि.मी.नंतरही वापर स्थिर असेल, तर तो आपोआप सुधारण्याची शक्यता कमी असते. जाड तेल किंवा तेलवापर कमी करण्याची मिश्रणे लक्षण सौम्य करतात. उलटी बसलेली कडी ती सरळ करू शकत नाहीत.

इंजिन खोलणे भाग पडल्यास खोलतानाच नोंदी घ्याव्या लागतात : कोणत्या सिलिंडरची कोणती कडी कशी बसली होती, विस्तारकाची टोके, भिंतीवरील चमक, खाचांतील मोकळीक. सर्व भाग धुऊन ठेवल्यावर पुरावा उरत नाही. यंत्रशाळा, बांधणारा कारागीर व इंधनाची जुळवणी करणारा हे बहुधा तीन वेगळे लोक असतात आणि दोष कोणाचा, यावरून वाद होतात. बांधणीच्या वेळी लिहून ठेवलेली मापे व खोलतानाची छायाचित्रे यांवरच अशा वादाचा न्याय्य निकाल लागू शकतो. भिंत केवळ चकचकीत झाली असेल व मापे मर्यादेत असतील, तर हलके होनिंग व नव्या कड्या पुरेशा होतात. गोलाई बिघडली असेल, तर पुढच्या मापाला बोअर करणे किंवा अस्तर घालणे क्रमप्राप्त होते.

## दुर्लक्षाचे परिणाम

तेल मिसळल्याने इंधनमिश्रणाची ठोकारोधक क्षमता, म्हणजेच परिणामी ऑक्टेन, घटते. जास्त दाबाच्या इंजिनात यामुळे ठोका सुरू होऊन पिस्टन फुटू शकतो. थेट इंधनफवारा असलेल्या टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर होणाऱ्या अकाली प्रज्वलनाचा संबंध ज्वलनकक्षातील तेलाच्या थेंबांशी जोडला जातो. याच कारणास्तव एपीआयच्या एसएन प्लस व २०२० पासूनच्या एसपी या तेलप्रतींत त्याविरुद्धची कसोटी आहे. तेलातील फॉस्फरस व जस्त यांच्या संयुगांमुळे उत्प्रेरक परिवर्तक निकामी होतो. सर्वांत मोठा धोका मात्र साधा आहे. पातळी खाली गेलेल्या इंजिनात वेगाच्या वळणावर पंप हवा ओढतो आणि बेअरिंगे काही सेकंदांत नष्ट होतात.

## उल्लेखनीय उदाहरणे

शेवरोले वेगा या अमेरिकी गाडीच्या (१९७१ ते १९७७) २.३ लिटर इंजिनाचा ब्लॉक सुमारे १७ टक्के सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा, अस्तराविना बनवला होता आणि पिस्टनांवर लोखंडाचा मुलामा होता. अतितापामुळे होणारी सिलिंडरची हानी व झडपांची सील यांमुळे हे इंजिन तेल जाळण्यासाठी कुप्रसिद्ध झाले. अनेक ब्लॉक लोखंडी अस्तरे घालून वाचवले गेले. याच प्रकारचा मिश्रधातू पोर्शच्या ९२८ व ९४४ या गाड्यांत यशस्वी ठरला. अशा सिलिंडरला नेहमीचे होनिंग चालत नाही. भिंतीतील सिलिकॉनचे कठीण कण उघडे पडतील, अशी विशेष प्रक्रिया करावी लागते आणि पिस्टनही मुलाम्याचेच लागतात.

निकासिल हा निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा थर जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ साली वांकेल इंजिनासाठी विकसित केला. तो पोर्श ९१७ व १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ या गाड्यांत वापरला गेला. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यू व जॅग्वारच्या काही इंजिनांत जास्त गंधकाच्या पेट्रोलमुळे हा थर खराब होऊन संपीडन घटले. पुढे बीएमडब्ल्यूने आपल्या व्ही-८ इंजिनांत अल्युसिल व जॅग्वारने लोखंडी अस्तरे स्वीकारली. पुनर्बांधणीपूर्वी भिंत कशाची आहे, हे ओळखणे का आवश्यक आहे, ते या उदाहरणांतून दिसते.

माझदा आरएक्स-७ सारख्या वांकेल इंजिनाच्या गाड्यांत कडांच्या सीलना वंगण मिळावे, म्हणून एक पंप मोजून तेल आत सोडतो. तेथे तेल कमी होणे हा दोष नसून रचनेचा भाग आहे. तेलवापर शून्य असेल, तर उलट पंप तपासावा लागतो.

## मराठी परिभाषा

मराठी विश्वकोशाच्या परंपरेत पिस्टनला दट्ट्या, व्हॉल्व्हला झडप व क्रॅंकशाफ्टला भुजादंड म्हणतात. गॅरेजांत मात्र रिंग, बोअर, होनिंग, हेड, पॅकिंग, ऑईल सील हेच शब्द रुळले आहेत. ‘इंजिन खोलणे’, ‘इंजिन बांधणे’, ‘ऑईल खाणे’ व ‘धूर मारणे’ ही कारागिरांच्या बोलीतील क्रियापदे नेमकी असून लेखी मराठीतही निःसंकोच वापरण्याजोगी आहेत.

## हेही पाहा

* अंतर्ज्वलन इंजिन
* वंगणतेल
* पिस्टन
* टर्बोचार्जर
* वांकेल इंजिन